मावशीने राखलेली जागा

शनिवार, ९ मार्च १९५७. संध्याकाळचे पावणेपाच.

दुकानात एका मास्तरांच्या चष्म्याची काच घासत होतो. उजवी झाली होती, डावी चाकावर होती. वर पाहिले तर दारात सौ. केसांत कापूस, पदराला तेलाचा डाग. गिरणी सुटल्यावर घरी न जाता तशीच ट्रामने गिरगावात आली होती. लग्नाला पाच वर्षे झाली, दुकानाची पायरी कधी चढली नव्हती. काच हातातून निसटली. फुटली नाही.

म्हणाली, "अहो, मला चष्मा लागला. धागा दुहेरी दिसतो. मधूनच डोळ्यांपुढे काजवे चमकतात."

मालक नानांनी खुर्चीत बसवून स्वतः तपासले. चौथीपर्यंत शिकलेली आहे, तक्त्यावरची खालची ओळ अडखळत का होईना, वाचली. नाना म्हणाले, "नंबर नाही रे हिला." मग खाली बघून, "मुली, जोडवी कधीपासून रुतलीत अशी?"

सौ.ने पदर पोटावर ओढून घेतला. सहावा महिना लागला हे दुकानात सांगितलेले नव्हते. जवळजवळ कुणालाच नव्हते.

नाना समजले. "डोळे ठीक आहेत. हे दुसरे काही आहे. वेळ घालवू नकोस, डॉक्टरला दाखव."

दिवसभर केसाएवढा फरक बघून काचा घासतो. घरातली जोडवी दिसली नाहीत.


१० मार्च, रविवार.

विम्याचा दवाखाना बंद. सकाळभर जोडवी काढत बसलो. साबण, खोबरेल, काही चालेना. "ओढा ना, मी काय मेणाची आहे?" म्हणाली. मला धीर होईना. शेवटी तिनेच बोटाला घट्ट दोरा गुंडाळत नेला आणि दुसऱ्या टोकाने उलगडत जोडवे अलगद बाहेर आणले. हसली. "सुट्टीच्या दिवशीही बाबीन भरायला लावलीत." दोन्ही जोडवी मंगळसूत्राच्या दोऱ्यात ओवली.

पायावर बोट दाबले की खळगा पडतो आणि तसाच राहतो.

दुपारी भागीरथीमावशी (पुढे नुसते भा.मा. लिहीन) तुपाची बरणी घेऊन आली. ही सौ.च्या आईची मावसबहीण. गिरणीत वाइंडिंग खात्याची, म्हणजे बाबिनींवर सूत भरणाऱ्यांची, नायकीण; पन्नास बायका हिच्या हाताखाली. सौ.ला हिनेच लावले. आमच्याखेरीज ही बातमी तिलाच ठाऊक. सगळे ऐकून म्हणाली, "घरी बस. जागेची काळजी करू नको, मी राखते." मला केवढे हायसे वाटले.

पहिले मूल सासुरवाडीला दगावले. आठवा महिना, पावसाळा, बोटी बंद, खाडीपलीकडून सुईण पोहोचेपर्यंत संपले. दुसरे इथे, पाचव्या महिन्यात, मशीनपुढे उभी असताना. त्यानंतर आम्ही दोघांनी ठरवले की तिसऱ्या वेळी कुणाला सांगायचे नाही. ठरवले म्हणजे बोललो नाही. तसेच झाले.


११ मार्च, सोम.

नानांनी सुट्टी दिली. लालबागच्या विमा डॉक्टरकडे. डॉ. बाई आहेत, वयस्क, आवाज करडा. कंपाउंडरने विचारले, "कार्ड कुणाचे?" म्हटले, हिचे. तो म्हणाला, "म्हणजे विमा बाईचा आणि रांगेत नवरोबा!" बाकावरच्या बायका हसल्या. खरेच आहे. आमच्या दुकानात माणसे चार, आम्हाला विमा कसला. गिरणीत ती, म्हणून तिला.

ब्लडप्रेशर वाढलेले. लघवीतही दोष. मीठ पूर्ण बंद, उभ्याचे काम बंद, डाव्या कुशीवर पडून राहायचे. सौ. म्हणाली, "बाई, दोन महिने आणखी काढते, मग घेते रजा." डॉ. बाईंनी पेन खाली ठेवले. "दोन महिने तू काढशील. ते काढील का?"

मग मला समजावले. आजारपणाचा दाखला दर आठवड्याला कचेरीत द्यायचा, अर्धा पगार मिळतो. पुढे बाळंतपणाच्या आधी सहा आठवडे, नंतर सहा. रजेवर असताना कामावरून काढता येत नाही. सौ.ला म्हणाल्या, "पगारातून तुझे पैसे कापले जातात ना? मग हे तुझेच आहे. मान खाली घालून घेऊ नकोस."

सगळे घरी येऊन लिहून काढले. 'दाखला' हा शब्द तीन वेळा.


१४ मार्च.

अळणी वरण, अळणी भाजी. ती एकटी कशी खाणार, म्हणून मीही मीठ सोडले. आज पाटाखाली लोणच्याची बाटली सापडली तिला. "हा कुणाचा आजार?" कबूल केले. म्हणाली, "तुम्ही खा हो मीठ. तुमचा चेहरा बघून मला जास्त प्रेशर चढते."


१८ मार्च, सोम.

निवडणूक संपली, पण भोंगा संपला नाही. समितीच्या विजयाचा गुलाल जिन्यापर्यंत, 'संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे' सकाळपासून. सौ. डोक्याला पट्टी बांधून भिंतीकडे तोंड करून पडलेली. खाली जाऊन दत्तारामला सांगितले. तो चाळीतला समितीचा कार्यकर्ता, माझ्याच वयाचा. कारण सांगावे लागले. कुणाला सांगायचे नाही, हे ठरवलेले मीच मोडले.

त्याने लगेच वर चढून स्वतः भोंगा गोदामाच्या भिंतीकडे फिरवला. म्हणाला, "समोरच्या पक्षाचा फिरवता येणार नाही हां वसंतराव. पण ते हरलेत, त्यांचा आवाज कमीच आहे."

संध्याकाळपर्यंत आख्ख्या चाळीला ठाऊक. कुणी एकही प्रश्न विचारला नाही. फक्त दारात दोन शहाळी. कुणी ठेवली, माहीत नाही.


२४ मार्च, रविवार.

शिमगा आटोपून सासूबाई आल्या. पहाटे धक्क्यावर गेलो. तांदूळ, आमसुले, दोन नारळ, एक कोंबडी जिवंत. कोंबडी चाळीत कुठे ठेवू हा प्रश्नच.

अळणी पेज चाखून सासूबाई: "मिठाशिवाय पेज? ही माझ्या चेडवाक घालतत? ह्यो खयचो डॉक्टर?"

त्यांचे म्हणणे एकच. मे संपता बोटी बंद होतात, त्याआधी लेकीला गावी न्यायचे. "आमच्यात पयला बाळंतपण माहेराक, जावयबापू."

मी म्हणालो, "आई, हे तिसरे..."

"तिसरा असला तरी जगतला ता पयलाच."

मनात आले होते ते ओठावर आणले नाही. त्यांनीच थोड्या वेळाने, तांदूळ निवडता निवडता, माझ्याकडे न बघता: "माका ठावक आसा थयसर, गावाक, काय झाला ता. हयसर काय झाला ता पण ठावक आसा."

सौ. कूस बदलून म्हणाली, "तुम्ही दोघे ठरवा. मला कोंबडीचा आवाज आवडतो."


२८ मार्च, गुरु.

विम्याच्या कचेरीत अर्ध्या पगारासाठी. दाखले वेळेवर दिलेले, कार्ड बरोबर. कारकुनाने फाइल बघितली. "गिरणीने कळवले आहे, बाई काम सोडून गेल्या. १२ मार्चपासून. स्वखुशीने."

म्हटले, सोडून कुठे गेली, घरी आजारी पडली आहे. डॉक्टरांचा दाखला आहे.

"दाखला आहे हो. पण गिरणी म्हणते, बाई नाही. त्यांचे दुरुस्तीचे पत्र येईपर्यंत पैसे देता येत नाहीत. आणि नोकरीचे तर मी काहीच सांगू शकत नाही."

ट्राम न पकडता चालत आलो. घरी सांगितले की कचेरीत गर्दी होती.


२९ मार्च, शुक्र.

भा.मा.ला तिच्या चाळीच्या जिन्यात गाठले. विचारले, आमच्या मंजूचे नाव हजेरीतून कुणी कमी केले?

"मी." जसे काही तूप आणले का विचारावे आणि 'हो' म्हणावे. "हजेरीच्या कारकुनाला सांगितले, गावाला गेली. यमुनेला उभी केली तिच्या जागेवर."

मग समजले. हे ती वीस वर्षे करते आहे. पूर्वी गिरणीवाल्यांना पोट दिसले की बाईला काढीत. म्हणून दिसायच्या आत मावशी तिला 'गावाला' पाठवी आणि जागेवर दुसरी गरजू बाई लावी. ही राखणारी दर महिन्याला तीन रुपये बाळंतिणीसाठी द्यायची. मावशी त्यात भर घालून अळीव, गूळ, डिंक पाठवायची. बाळंतीण परत आली की राखणारीने मुकाट्याने बाजूला व्हायचे. आजवर एकीचीही जागा बुडाली नाही. सौ.ची पहिल्या वेळी अशीच राखली होती.

म्हटले, "मावशी, आता कायदा आहे. ती जागेवर असती तर कुणी काढू शकत नव्हते. तुम्ही सोडून गेली म्हणालात, म्हणून पैसे अडकले."

"सरकारचा कागद येतो नि जातो रे वसंता. मी कुठे जाते?" आणि कनवटीची पुरचुंडी काढून माझ्या हातावर ठेवली. यमुनेचे तीन रुपये.

रागावून आलो होतो. राग घेऊनच परतलो, पण कुणावर, ते वाटेत हरवले.

पुरचुंडी सौ.ने देवाच्या फळीवर ठेवली. आता तिला सगळे सांगावे लागले.


१ एप्रिल, सोम.

आजपासून नवे पैसे. वाण्याकडे भांडणे. सासूबाई: "ह्यो चकचकीत आसा म्हणजे खोटो." आण्याचे सहा की सव्वासहा यावर कुणाचे एकमत नाही.

दुकानात जेवणाच्या सुट्टीत गिरणीच्या लेबर ऑफिसरला अर्ज लिहिला. नायकीण भागीरथीबाई यांनी खोटी माहिती दिली, परस्पर दुसरी बाई उभी केली, इत्यादी. शब्दकोश बघून, पक्का, शाईत. घरी येऊन वाचून दाखवला.

सौ.: "सुंदर अक्षर आहे. देऊ नका."

"का?"

"मावशीची नोकरी जाईल. यमुनेला दोन मुलगे आहेत, नवरा नाही."

"आणि आपले?"

"आपले अजून पोटात आहे. त्याला कुणाच्या अन्नावर पाय देऊन आणायचे नाही मला."

मी आवाज चढवला. चढवायला नको होता. तिने कपाळ दाबून धरले, पुन्हा काजवे. सासूबाई मधे उभ्या राहिल्या. अर्ज घडी करून दुकानाच्या खणात टाकला आहे.


२ एप्रिल.

प्रेशर मागच्या वेळेपेक्षा वर. डॉ. बाई माझ्याकडेच बघत होत्या. "घरात काही झाले का?" मान हलवली, होय की नाही मलाच कळले नाही.


७ एप्रिल, रविवार.

भा.मा. आली, जसे काही झालेच नाही. मीही पाट पुढे केला. सासूबाई आणि ती, दोघी बहिणी गावच्या जांभळीखाली बसल्यासारख्या बोलत होत्या.

चहा ओतून घेताना मावशीच्या हातून बशीची कड चुकली. पहिल्यांदा वाटले, चटका. मग सुपारी कातरताना बघितले. डोळे मिटून कातरते. मला एकदम नानांची खुर्ची आठवली. हात मागून बघितले, तर बोटांच्या टोकांना बारीक चिरा. विचारले, तुटलेला धागा कसा शोधता?

"हात फिरवून. दिसायला काय लागते?"

"चष्मा का करत नाही?"

"चष्मेवाली नायकीण म्हणजे म्हातारी नायकीण. दुसऱ्याच दिवशी साहेब घरी बसवील." मग दरडावून, "कुठे बोलशील तर बघ."

सौ. माझ्याकडे बघून हसत होती. तिला हे किती दिवस ठाऊक होते कोण जाणे. लपवायचे काम आमच्याकडे सगळ्यांनाच जमते.


१० एप्रिल.

सौ.ने मावशीला पटवले. मी सांगितले असते तर आली नसती. दुपारी मागच्या दाराने दुकानात. लांबचा नंबर आहे, जवळचाही आहे, दोन्ही बरेच. नाना म्हणाले, "बाई, इतकी वर्षे कशा वावरलात?" ती म्हणाली, "ओळखीच्या माणसांत."

कुणी न नेलेली फ्रेम फडताळात होती. काचा मी घासतो आहे. घाईने नाही.


१४ एप्रिल, रविवार.

चष्मा घेऊन भा.मा.ला घरी बोलावले. डोळ्यांवर चढवला, कानामागच्या काड्या वाकवून बसवल्या. पहिल्यांदा भिंतीकडे बघितले. "ही भिंत निळी आहे होय?" मग सासूबाईंकडे, "अगो, तू केवढी म्हातारी झालीस!" सासूबाई: "तू आरशात बघ आधी."

मग सौ.कडे. सौ. खाटेवर पाय लांब करून बसलेली. मावशी उठली. जवळ गेली, खाली बसली. पाय हातात घेतला. मग मान वर करून चेहरा बघितला, पापण्या, हनुवटी. कितीतरी वेळ.

"मंजू, तू अशी सुजलीस? कधीपासून गो?"

"महिना झाला, मावशी."

"मी दर खेपेला समोर बसत होते."

कोंबडी तेवढी बोलत होती. मावशीने पाय परत खाटेवर ठेवला, काचेचे भांडे ठेवावे तसा. चष्मा काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा बघितले.

निघताना जिन्यात मला विचारले, "त्या तुझ्या कागदावर काय लिहायला लागते?"

"जे झाले ते."

"बघते." आणि गेली.


२१ एप्रिल, रविवार.

आठवडा गेला, भा.मा. फिरकली नाही. विमा कचेरीत तेच उत्तर. नानांकडून उचल घेतली. भाडे थकले. सासूबाईंनी कुणा गाववाल्याकरवी बोटीची दोन तिकिटे सांगून ठेवली. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्याची. मला विचारले नाही.

बोलल्या, "हयसर पगार नाय, मीठ नाय, वारो नाय. थयसर निदान माझे हात आसत."

पैशावाचून हॉस्पिटलजवळ राहायचे तरी कसे. सौ. म्हणाली, "तुम्ही सांगाल तसे." ती असे कधी म्हणत नाही. त्याचीच भीती वाटली.


२६ एप्रिल, शुक्र.

सकाळी दहाच्या सुमारास भा.मा. दुकानात. पुढच्या दाराने. डोळ्यांवर चष्मा, नवे लुगडे. "चल माझ्याबरोबर. कागद घे. मला बोलता येते, लिहिता येत नाही."

खणातला अर्ज काढला. वाटेत तिला वाचून दाखवला. 'खोटी माहिती दिली' येथे थांबली. "खोटी नको लिहू. चुकीची लिही." ट्राममध्ये गुडघ्यावर ठेवून दुरुस्त केले.

लेबर ऑफिसर तरुण माणूस. चष्मा लावणारा, तोही. आमच्या दुकानातला नव्हे. भा.मा. खुर्चीवर बसली नाही.

"साहेब, मंजुळा सोडून गेली नाय. मी पाठवली. जागेवर यमुनेला मी उभी केली. दोघींनाही काय ठाऊक नव्हते."

"किती वर्षे चालले आहे हे?"

"तुमचा कायदा नव्हता तेव्हापासून."

साहेबाने अर्ज पुढे ओढला. मग म्हणाला, नियमाने चौकशी करावी लागेल. तोपर्यंत भागीरथीबाईंनी घरी राहावे. यमुनेलाही थांबवावे लागेल. मंजुळाबाईंबद्दल विमा कचेरीला लिहितो.

"कधी लिहिता?" मी विचारले. माझाच आवाज मला अनोळखी वाटला.

"लिहितो म्हटले ना."

भा.मा.ने अंगठा उमटवला. उमटवण्याआधी कागद डोळ्यांजवळ नेऊन नीट बघितला, जणू वाचता येते आहे. बाहेर आल्यावर म्हणाली, "अक्षरं मुंग्यांसारखी दिसतात रे. आधी वाटायचे, डाग आहे."


२८ एप्रिल, रविवार.

वाइंडिंगच्या चौघी जणी आमच्या गॅलरीत. दोघी विचारायला आल्या: आम्हीही 'गावाला' गेलो होतो, आमचे पैसे मिळतील का, लिहून द्याल का. तिसरी भांडायला. "भाऊ, तुम्ही आमची सोय मोडलीत. मावशीने शब्द दिला की काम परत मिळत होते. तुमचे सरकार शब्द देते का?" चौथी सौ.च्या पायाला तेल चोळत बसली. ती यमुना. उद्यापासून तिला काम नाही.

यमुनेला पुरचुंडी परत देऊ केली. घेतली नाही. "दिलेले कोण परत घेते?"


३ मे, शुक्र.

सकाळी डोके फार दुखले, उलटी. डॉ. बाईंनी प्रेशर घेतले आणि टॅक्सी आणायला सांगितले. चिठ्ठीवर आधीपासून माझे नाव, पत्ता लिहून ठेवले होते त्यांनी. परळच्या हॉस्पिटलात भरती. आठवा सुरू आहे. पहिले गेले तोच हा आठवा.

तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी सांगितले: जितके दिवस आत राहील तितके बरे. पण प्रेशर हाताबाहेर गेले तर थांबणार नाही, बाळ बाहेर काढावे लागेल. कशाला किती शक्यता, ते विचारले नाही. विचारले असते तर लिहून ठेवले असते, आणि रोज वाचले असते.

सासूबाईंनी घरी येऊन ट्रंक उघडली, तिकिटांचे पैसे भरायचे ठेवले होते ते काढून माझ्या पुढ्यात ठेवले. "बोट जाऊ दे. मी हयसरच." मग चुलीकडे तोंड करून, "त्या वेळी पण मी दारातच उभी होतंय, जावयबापू. माझ्या हातात काय नव्हता."

पहिल्यांदाच आम्ही दोघे त्याबद्दल एकमेकांशी बोललो. बोललो म्हणजे तेवढेच.


८ मे.

भेटीची वेळ चार ते सहा. नर्सने पोटावर लाकडी नळी टेकवून ऐकले, मग मलाही ऐकू दिले. ऐकू आले. भिंतीपलीकडे कुणी घाईने कपडे धुते आहे तसे.

सौ.: "काय म्हणते?"

"घाईत आहे."

"तुमच्यावर गेलेले नाही मग."

इथेही सगळे अळणी. शेजारच्या खाटेवरची बाई हिला विचारत होती, तुमचे मिस्टर रोज काय लिहितात त्या वहीत? ही म्हणाली, "मला किती वेळा शिंक आली ते."


१३ मे, सोम.

विमा कचेरी. गिरणीचे पत्र आले आहे. कारकुनाने दाखवले: सदर बाई सेवेत आहेत, नोंद चुकीने झाली. खाली सही. म्हटले, मग पैसे? "वरून मंजुरी येऊ द्या. आठ-पंधरा दिवस." तरी 'सेवेत आहेत' हे दोन शब्द उभ्याने तीनदा वाचले.

सौ.ला सांगितले. तिने पहिले विचारले ते मावशीचे. म्हटले, चौकशी चालू आहे.


१९ मे, रविवार.

रात्री सौ.ला थोडा ताप. प्रेशर जरा खाली, पण डॉक्टर म्हणाले, या आठवड्यात ठरवू. बाळ फिरते आहे.

दुपारी चारला गेलो तर दाराबाहेरच्या बाकावर ही गर्दी. भा.मा. तिथे होती. सौ.ला भरती केल्यापासून रोज असते. बाकाच्या टोकाला रुमाल पसरून ठेवलेला, कुणी बसायला लागले की चष्म्यातून नुसते बघते. मला बघून रुमाल उचलला. "बस. तुझी आहे."

चौकशीत पुढे काय, विचारले. "बुधवारी बोलावले आहे. काढले तर काढले. ठेवले तर, साहेबाला सांगितले आहे, आता कुणी बाई सांगायला आली की आधी तुझ्याकडून कागद लिहून घेईन." मग आवाज खाली. "मंजूला नको सांगू एवढ्यात."

कनवटीची पुरचुंडी. तीन रुपये. म्हटले, हे आता कुणाचे? यमुनेला काम नाही, तुम्हालाही नाही.

"माझे. यमुनेची जागा गेली म्हणून बाळंतिणीचे थांबवायचे?"

आत सोडायची घंटा झाली. मी उठलो. तिने पुन्हा रुमाल पसरला.

रात्री हिशेब:

खर्च, या महिन्याचा: टॅक्सी रु. २. ट्राम रु. ३.५० न.पै. मोसंबी, दूध रु. ९. कोंबडीचे दाणे ३१ न.पै.

देणे: नाना, उचल रु. ४०. भाडे, दोन महिने. वाणी रु. ११.

येणे: विमा कचेरी, सौ. मंजुळा हिचा अर्धा पगार, ११ मार्चपासून. तारीख माहीत नाही.

यमुनेचे तीन आणि भा.मा.चे तीन, असे सहा रुपये. हे देण्यात लिहावे की येण्यात, समजत नाही. ओळ मोकळी ठेवली आहे.